जिद्द एका फौजदाराची, जबाबदारी कोणाची?

पोलीस खात्यातून माणूस निवृत्त होतो तेव्हा ठाण्यात छोटासा समारंभ होतो. शाल, श्रीफळ, कौतुकाचे चार शब्द आणि एक ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवसापासून खात्याचा त्या माणसाशी संबंध उरतो तो पेन्शनपुरता. आमच्या रायगडच्या किनारपट्टीवर, अलिबाग-मुरूडकडे, असे निवृत्त हवालदार आणि फौजदार मुंबईकरांच्या बंगल्यांवर, रिसॉर्टवर सुरक्षा रक्षकांचे सुपरवायझर म्हणून उभे असलेले दिसतात. तीस-पस्तीस वर्षे गुन्हेगार ओळखण्यात जी नजर तयार झाली, ती आता कोणाची गाडी कुठे लावायची हे पाहण्यात खर्च होते. यात त्या माणसांचा दोष नाही. पोट कोणाला सुटले आहे? दोष आहे तो व्यवस्थेचा, जिला आपल्याच माणसाने कमावलेल्या ज्ञानाची किंमत कळत नाही.

या ज्ञानाची किंमत काय असते, हे मुंबईच्या एका सहायक फौजदाराने महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. राजेंद्र धोंडू भोसले हे त्यांचे नाव. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात ते हरवलेल्या व्यक्तींचा शोध घेण्याचे काम पाहत. २००८ ते २०१५ या काळात त्या एका ठाण्याच्या हद्दीतून १६६ मुली हरवल्याची नोंद झाली. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या १६५ मुली शोधून काढल्या. हा आकडा वाचकांनी पुन्हा एकदा वाचावा. ज्या खात्यात 'पळून गेली असेल, येईल चार दिवसांनी' हे वाक्य सवयीचे झालेले आहे, त्याच खात्यातल्या खालच्या पायरीवरच्या एका माणसाचे हे काम आहे.

उरली एक. २२ जानेवारी २०१३ रोजी, शाळेला निघालेली सात वर्षांची एक चिमुरडी नाहीशी झाली. वस्तीतली, गरीब घरची. भोसल्यांनी तिचा फोटो खिशात ठेवला. मे २०१५ मध्ये ते निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झाले, पण फोटो खिशातच राहिला. पुढची सात वर्षे कोणतेही पद नसताना, पगार नसताना, हा माणूस त्या एका मुलीसाठी विचारपूस करीत राहिला. वर्तमानपत्रांनी तिला नाव दिले, 'मुलगी क्रमांक १६६'.

४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली. वय वर्षे सोळा. एका जोडप्याने तिला उचलून नेले होते. त्यांना मूल नव्हते. काही काळ परमुलखात ठेवून ते पुन्हा मुंबईत आले. पुढे त्यांना स्वतःचे मूल झाले आणि या मुलीच्या वाट्याला घरकाम, मारहाण आणि दुसऱ्यांची मुले सांभाळण्याची चाकरी आली. ज्या घरातून ती हरवली, त्या घरापासून अगदी जवळच्या भागात ती राहत होती. आपण या घरातल्या नाही, एवढे तिला कळले तेव्हा तिने एका बाईच्या मदतीने मोबाईलवर स्वतःचेच नाव शोधले आणि नऊ वर्षांपूर्वीचे 'हरवली आहे' हे पोस्टर तिच्यासमोर आले. त्या पोस्टरवरच्या क्रमांकांपैकी एकच चालू होता. तो शेजाऱ्याचा होता. त्या शेजाऱ्याने तिची आणि तिच्या आईची गाठ घालून दिली. वडील तोवर हे जग सोडून गेले होते.

या हकिगतीकडे लोकांनी डोळे पुसत पाहिले. आम्ही कायद्याची माणसे, आम्हाला यात आणखी एक गोष्ट दिसते. मुलगी सापडली ती तिच्या स्वतःच्या धैर्याने, एका टिकून राहिलेल्या पोस्टरमुळे आणि बदलल्या न गेलेल्या एका टेलिफोन क्रमांकामुळे. तिला कोणी विसरू दिले नाही, कारण एका निवृत्त फौजदाराच्या खिशात फोटो होता. मग खात्याच्या खिशात काय होते? भोसले निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या डोक्यातली शोधाची पद्धत कोणी लिहून घेतली? हरवलेल्या मुलीच्या आईशी पहिल्या तासात काय बोलायचे, शाळेच्या वाटेवरच्या पानवाल्याला काय विचारायचे, कोणत्या मुली रागाने घर सोडतात आणि कोणत्या उचलल्या जातात, हे ओळखायचे कसे, हे त्यांच्याकडून किती नव्या फौजदारांनी शिकून घेतले? चांगला माणूस ही व्यवस्था नसते. चांगला माणूस निवृत्त होतो. व्यवस्थेने निवृत्त होऊन चालत नाही.

काही वाचक विचारतील, चळवळीच्या दैनिकात पोलिसांचे गोडवे कशाला? प्रश्न रास्त आहे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात आमच्या दहा माणसांवर गोळ्या घातल्या गेल्या, त्या पोलिसांच्याच होत्या. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीत आमच्या भोतमांगे कुटुंबाचे हत्याकांड झाले, तेव्हा पोलिसांनी काय केले आणि काय केले नाही, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु म्हणूनच भोसल्यांसारख्या माणसाची नोंद आम्ही घेतली पाहिजे. वस्तीतल्या गरीब मुलीचा शोध हा मंत्र्याच्या मुलीच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे, असे खाकी वर्दीतला माणूस मानू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. जे एकाला जमले ते बाकीच्यांना का जमत नाही, हे विचारण्याचा अधिकार आता आपल्याला आला आहे.

आणि हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्याने तर विचारलाच पाहिजे, कारण आमच्या मुरूडचे नाव एका काळ्या प्रकरणात कायमचे लिहिले गेले आहे. मुंबईचे कुलाबा, कफ परेड आणि आमचे मुरूड या तीन ठिकाणी 'अँकरेज शेल्टर्स' नावाची बेघर मुलांसाठीची आश्रयस्थाने १९९५ पासून चालवली जात होती. अँकरेज म्हणजे जहाजाने नांगर टाकून विसावण्याची जागा. फूटपाथवर झोपणाऱ्या पोरांना जेवण, कपडे, समुद्रकिनाऱ्यावरचे घर मिळते, म्हणून भले भले लोक त्या संस्थेचे कौतुक करीत. डंकन ग्रँट आणि अॅलन वॉटर्स, ब्रिटिश नौदलात नोकरी केलेले दोन गोरे गृहस्थ, या मुलांचे उपकारकर्ते म्हणून मिरवत होते. त्या घरांच्या आत मुलांचे लैंगिक शोषण आणि मारहाण चालू होती.

२००१ साली हे प्रकरण बाहेर आले. चाइल्डलाइनच्या कार्यकर्त्यांनी आणि अॅड. महारुख अडेनवाला यांनी मुलांचे म्हणणे ऐकले. बालगृहांच्या स्थितीविषयी मुंबई उच्च न्यायालयात १९८५ पासून चालू असलेल्या याचिकेत ते न्यायालयापुढे गेले आणि त्यानंतर गुन्हा नोंदवला गेला. आरोपी परदेशी. वॉटर्सला अमेरिकेत पकडून भारतात आणावे लागले. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघा इंग्रजांना प्रत्येकी सहा वर्षांची आणि त्यांच्या भारतीय व्यवस्थापकाला तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांना निर्दोष सोडले. १८ मार्च २०११ रोजी न्या. पी. सदाशिवम आणि न्या. बी. एस. चौहान यांच्या खंडपीठाने सर्वोच्च न्यायालयात ती सुटका रद्द केली आणि शिक्षा पुन्हा कायम केली.

दहा वर्षे! फूटपाथवरच्या पोरांनी सांगितलेले खरे होते, एवढे ठरवायला या देशाच्या न्यायव्यवस्थेला दहा वर्षे लागली. मुले इतकी वर्षे गप्प का होती, हे बचावाचे मोठे हत्यार होते. आम्ही विचारतो, ती कोणाला सांगणार होती? आई-बाप नाहीत, घर नाही, आणि जो जेवायला घालतो तोच अत्याचार करतो. सांगितले तर जेवण जाते, छप्पर जाते. सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षीवर विश्वास ठेवला आणि निकालपत्र इतिहासजमा झाले. पण मुरूडच्या बाजारपेठेत, बंदरावर, कोळीवाड्यात त्या काळी वावरणाऱ्या शासकीय माणसांपैकी एकालाही त्या घरात काय चालले आहे हे पाहण्याचे शिक्षण दिलेले नव्हते, ही गोष्ट तेवढीच महत्त्वाची आहे.

शिक्षण हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. कारण याच किनाऱ्यावर दुसऱ्या एका बाबतीत शिक्षण दिले गेले आहे. १९९३ साली श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि मुंबई हादरली. २००८ साली दहशतवादी समुद्रातूनच आले. त्यानंतर शासन जागे झाले. सागरी पोलीस ठाणी आली, गस्ती नौका आल्या, गावोगावच्या तरुणांची सागर रक्षक दले उभी राहिली. अनोळखी बोट दिसली तर काय करायचे, कोणाला कळवायचे, हे किनाऱ्यावरच्या कोळी बांधवाला शिकवण्यात आले. म्हणजे इच्छा असली की साध्या माणसाची नजरही तयार करता येते. मग अनोळखी बोट ओळखणारा हा किनारा भेदरलेले मूल का ओळखू शकणार नाही? शनिवार-रविवारी नागाव, काशीद, दिवेआगर गर्दीने फुलतात. घरोघरी होमस्टे झाले आहेत. अनोळखी माणसाबरोबर आलेले मूल, हॉटेलात भांडी घासणारे मूल, दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर निघून गेलेले कातकरी वाडीतले मूल, यांच्याकडे पाहण्याची नजर कोणी तयार करायची?

कायद्याने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. वाचकांनी ही कलमे ध्यानात ठेवावीत, कारण ठाण्यात उभे राहिल्यावर तीच कामाला येतात.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ साली आला आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. अँकरेज प्रकरणाच्या वेळी मुलग्यांवरच्या अत्याचारासाठी वेगळा कायदाच नव्हता, दंड संहितेच्या ३७७ कलमावर भागवावे लागले. पॉक्सोने मुलगा आणि मुलगी हा भेद ठेवला नाही. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, आणि पोलिसांनी तो नोंदवलाच पाहिजे. न कळवणारा आणि न नोंदवणारा, दोघेही कलम २१ प्रमाणे शिक्षेला पात्र आहेत. कलम २४ सांगते की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अंगावर वर्दी नसावी, मूल आरोपीच्या समोर येऊ नये आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. आणि कलम ४३ सांगते की पोलिसांसह सर्व संबंधित अधिकाऱ्यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनाची आहे. प्रशिक्षण ही मेहेरबानी नाही, कायद्याने टाकलेले कर्तव्य आहे.

बाल न्याय कायदा २०१५, कलम १०७. प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा. त्याला या कामाची आवड असावी, त्याचे योग्य प्रशिक्षण झालेले असावे. त्याचा दर्जा कोणता? सहायक फौजदारापेक्षा खालचा नसावा. प्रत्येक जिल्ह्यात उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली विशेष बाल पोलीस पथक असावे, त्यात दोन समाजसेवक असावेत आणि त्यातली एक महिला असावी. वाचकहो, सहायक फौजदार म्हणजे नेमका भोसल्यांचा दर्जा! ज्या पायरीवर उभे राहून त्यांनी १६५ मुली घरी आणल्या, त्याच पायरीवरच्या माणसाकडे कायद्याने हे काम सोपवले आहे. एका भोसल्यांची जिद्द ही प्रत्येक ठाण्यातली नेमणूक व्हावी, अशीच जणू त्या कलमाची इच्छा आहे.

हरवलेल्या मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेत स्पष्ट सांगितले की मूल हरवल्याची तक्रार आली की थेट गुन्हा नोंदवा आणि अपहरण किंवा मानवी व्यापाराची शक्यता गृहीत धरून तपास करा. पुढे नियम झाले की चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक पथकाकडे द्यावा. 'चोवीस तास थांबा, मग बघू' हे उत्तर आता बेकायदेशीर आहे. तरीही हे उत्तर आमच्या लोकांना आजही ऐकावे लागते, आणि आमचे लोक ते ऐकून घरी परत जातात, कारण दरवाजात उभ्या असलेल्या शिपायाला जसा कायदा माहीत नसतो तसा आपल्यालाही नसतो.

आणखी एक गोष्ट. अत्याचारित बालक अनुसूचित जातीचे किंवा जमातीचे असेल आणि आरोपी त्या बाहेरचा असेल, तर पॉक्सोबरोबर अॅट्रॉसिटी कायद्याची कलमेही लावावी लागतात. मग तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि शासनाचे अर्थसाहाय्यही मिळते. ठाण्यात ही कलमे सहज गाळली जातात. 'लहान मुलीचे प्रकरण आहे, त्यात जात कशाला आणता?' असा साळसूद सवाल केला जातो. जात आम्ही आणत नाही. कोणाच्या पोरीवर हात टाकला तर चालून जाईल, हा हिशोब आरोपीने जात पाहूनच केलेला असतो.

कायदा एवढा असताना काय घडते? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, तेव्हा तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना तासन् तास ठाण्यात ताटकळत ठेवले गेले. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षिततेचे उपाय सुचवण्यासाठी समिती नेमली गेली. तिच्यात निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्याबरोबर निवृत्त आयपीएस अधिकारी मीरां बोरवणकर यांना घेण्यात आले. बोरवणकर बाईंनी १९९४ च्या जळगाव वासनाकांडाच्या वेळी गुन्हे अन्वेषण विभागात काम केले होते, पुढे मुंबईच्या गुन्हे शाखेची धुरा सांभाळली आणि निवृत्त झाल्या तेव्हा त्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या महासंचालक होत्या. निवृत्त तपास अधिकाऱ्याच्या अनुभवाचा मुलांच्या रक्षणासाठी उपयोग होतो, हे शासनाला यावरून मान्य आहे असे दिसते. परंतु शासनाला तो आठवतो लोक रस्त्यावर उतरल्यावर, आणि मुंबईच्या समितीपुरता. म्हसळ्याच्या, तळ्याच्या, मुरूडच्या ठाण्यापर्यंत तो अनुभव कधी उतरणार?

ज्या देशातून अँकरेजचे आरोपी आले, त्या ब्रिटनकडेही थोडे पाहू. तिथले सगळे आलबेल होते असे मुळीच नाही. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आफ्रिकेतून आलेली आठ वर्षांची काळी मुलगी सांभाळणाऱ्यांच्याच छळाने मेली. पोलीस, डॉक्टर, समाजसेवक, सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ साली आला. मुलांवरच्या गुन्ह्यांचा तपास हा इतर गंभीर गुन्ह्यांइतकाच महत्त्वाचा माना आणि तो करणाऱ्या पोलिसांना गुन्हे तपासाचे पुरेसे शिक्षण द्या, असे त्या अहवालाने पोलीस प्रमुखांना बजावले. २००४ साली तिथे मुलांसाठी नवा कायदा झाला. २००६ साली बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि त्याचे पहिले प्रमुख झाले जिम गॅम्बल, उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलात गुप्तवार्ता विभागात घडलेले अधिकारी. २०१० मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि बालसंरक्षणाचे प्रशिक्षण देणारी संस्था काढली. निवृत्त तपास अधिकाऱ्याने शाळांना, क्रीडा संस्थांना, चर्चना मुलांचे रक्षण कसे करावे हे शिकवणे हा तिथे एक रीतसर पेशा झाला आहे. एका काळ्या, परक्या मुलीच्या मरणानंतर त्यांनी निदान आपल्या पोलिसांची शाळा बदलली. आपल्याकडे मात्र जुलै महिना आला की 'ऑपरेशन मुस्कान' राबवायचे, महिनाभर मुले शोधायची, आकडे द्यायचे आणि ऑगस्टमध्ये गणपतीच्या बंदोबस्ताला लागायचे! मूल काय महिना पाहून हरवते?

प्रशिक्षण म्हणजे हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून कलमे वाचून दाखवणे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. मुलाला प्रश्न कसा विचारायचा, हेच मुळात कौशल्य आहे. 'त्याने तुला इथे हात लावला ना?' असे विचारले की उत्तर पोलिसाचे होते, मुलाचे राहत नाही, आणि न्यायालयात आरोपीचा वकील त्याच एका वाक्यावर खटला उभा चिरतो. 'काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग' असे म्हणून गप्प बसायला शिकावे लागते. मूल एका दिवसात सगळे सांगत नाही, तुकड्यातुकड्याने सांगते, मध्येच हसते, मध्येच खेळायला लागते. ते खोटे बोलत असल्याची ही खूण नाही. कातकरी मुलीची बोली अलिबागच्या फौजदाराला कळत नसेल तर दुभाष्या द्यावा लागतो, तशी पॉक्सोत तरतूद आहे. हे सारे पुस्तकातून येत नाही. शंभर मुलांशी बोललेला माणूसच ते शिकवू शकतो. असा माणूस निवृत्त होऊन गावी विहिरीवर पंप चालू-बंद करीत बसलेला असतो.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. रायगड जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत लिहिले जावे. त्या अधिकाऱ्याला वर्षातून ठरावीक दिवस प्रशिक्षण मिळावे आणि बदली झाली तर त्याची वही पुढच्याच्या हाती जावी. ज्यांनी हरवलेल्या आणि अत्याचारित मुलांच्या प्रकरणात खरेखुरे काम केले आहे अशा निवृत्त फौजदार-निरीक्षकांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने करावी आणि त्यांना मानधन देऊन प्रशिक्षक नेमावे. अट एवढीच की त्यांच्या नोकरीत गरिबांना मारहाणीचा, तक्रार दडपल्याचा डाग नसावा, आणि त्यांच्या शेजारी शिकवायला बालकांमध्ये काम केलेली समाजसेविका असावी. पोलिसाला तपास कळतो, मूल कळतेच असे नाही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुले जिथे राहतात किंवा नित्य येतात अशा प्रत्येक संस्थेने आपल्या माणसांची पोलीस पडताळणी आणि बालसंरक्षणाचे प्रशिक्षण वेळोवेळी करायचे आहे. मुरूडमध्ये जे घडले त्यानंतर या जिल्ह्यातली एकही आश्रमशाळा, वसतिगृह वा बालगृह यातून सुटता कामा नये. ते परदेशी पैशावर चालणारे असो, आमदारांचे असो, नाही तर आपल्या समाजातल्या एखाद्या पुढाऱ्याचे असो.

हे शेवटचे वाक्य काहींना टोचेल. टोचू द्या. बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या वसतिगृहात मूल सुरक्षित आहे, असे नावावरून ठरत नाही. तिथेही दार ठोठावून पाहिले पाहिजे.

आणि आपण काय करायचे? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, त्याचे प्रशिक्षण केव्हा आणि किती दिवस झाले, गेल्या पाच वर्षांत किती मुले हरवली, किती सापडली, न सापडलेल्यांचा तपास कोणाकडे आहे, एवढे चार प्रश्न लिहून अर्ज टाका. पनवेल-उरणचा अर्ज नवी मुंबई आयुक्तालयात, बाकीच्यांचा अलिबागला जिल्हा अधीक्षकांकडे. गावच्या बाल संरक्षण समितीत कोण आहे ते ग्रामसभेत विचारा, आणि समिती कागदावरच असेल तर आपल्या वस्तीतल्या बायकांना तिच्यात बसवा. १०९८ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर, अंगणवाडीवर, जेट्टीवर, एस.टी. स्टँडवर रंगवा. रात्री-अपरात्री घाबरलेल्या मुलाला तोच पाठ असला पाहिजे.

भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार बंद केली, २४ व्या कलमाने कारखान्यात आणि धोक्याच्या कामात लहान मुलांना जुंपण्यास मनाई केली, ३९ व्या कलमाने बालपणाचे शोषणापासून रक्षण करण्याचे धोरण राज्यावर टाकले. शासनाने ते पाळावे म्हणून आपण मोर्चे काढतोच. परंतु प्रत्येक ठाण्यात त्या कलमांना हात-पाय फुटतात ते एखाद्या फौजदाराच्या रूपाने. तो फौजदार शिकलेला असेल तर मूल घरी येते आणि अडाणी असेल तर मूल क्रमांक बनते.

अंधेरीच्या एका ठाण्यात तो क्रमांक १६६ होता. तुमच्या ठाण्यात तो कितीवर आहे, हे येत्या आठवड्यात जाऊन विचारा.